बोलता येतं, कळतंही. मग पेपर परत का आला?

पत्र

ताई, मी बीड जिल्ह्यातल्या एका गावातली. बारावीपर्यंत आणि पुढे बी.ए.लाही मराठी माध्यम. सध्या पुण्यात एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅडम इंग्रजीत शिकवतात ते बऱ्यापैकी कळतं. मेसमध्ये, बँकेत इंग्रजी बोलायची वेळ आली तर निभावून नेते. पण वाचायला दिलेल्या लेखाचं एक पान संपवायला ४५ मिनिटं लागतात. दर ओळीला मोबाइलवर शब्द बघते आणि पान संपेपर्यंत सुरुवातीला काय होतं तेच विसरते. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर १२ पानांचा टर्म पेपर लिहिला. विषय घरचाच, आई-वडील अजून तोडीला जातात. आधी मराठीत लिहिलं, मग ॲपवर इंग्रजी करून घेतलं. मॅडमनी पेपर परत केला. वर लाल पेननं लिहिलंय, 'नुसतं वर्णन आहे. तुझं आर्ग्युमेंट कुठे आहे?' रूममेट कॉन्व्हेंटची आहे. ती म्हणते स्पोकन इंग्लिशचा ॲडव्हान्स कोर्स लाव. फी १८ हजार. भाऊ म्हणतो, परीक्षा मराठीतून देता येते ना, मग इंग्रजीच्या नादी लागूच नकोस. मला पुढे पीएच.डी. करायची आहे. सेमिनारमध्ये तर तोंडच उघडत नाही. काय करू?
– अर्धवट इंग्रजीवाली

उत्तर

आधी पैशाचं बोलू, कारण तो निर्णय तुला बहुतेक याच आठवड्यात घ्यायचा असेल. १८ हजार भरू नकोस. असल्या कोर्समध्ये मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यायची, गटचर्चेत मुद्दा कसा रेटायचा, ग्राहकाशी फोनवर कसं बोलायचं हे शिकवतात. नोकरीच्या तोंडावर त्याचा उपयोग होतोही. पण मेसमध्ये आणि बँकेत निभावतं असं तूच लिहिलंयस. जे जमतंय त्याच्यावर पैसे कशाला घालायचे?

कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक करून दाखवला. परदेशातून आलेली मुलं दोनेक वर्षांत मैदानावर, डबा खाताना घडाघडा इंग्रजी बोलू लागतात. अभ्यासाच्या इंग्रजीत मात्र वर्गातल्या इतरांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांना आढळलं. ही मुलं इंग्रजी बोलणाऱ्या शेजारात राहणारी होती. तू पुण्यात येऊन अजून वर्षही झालेलं नाही, त्यामुळे स्वतःला 'अर्धवट' म्हणवून घेण्याची घाई नको. रूममेटलाही एकदा विचार, तिच्या पेपरवर काय शेरा आला. मी इतकी वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवते आहे. फाडफाड बोलणाऱ्या कितीतरी मुलांच्या पेपरवर हाच शेरा मीही लिहिला आहे. विद्यापीठात लिहायचं इंग्रजी कोणी आईच्या मांडीवर शिकून येत नाही. कॉन्व्हेंटवाल्यांना फक्त त्याची भीती कमी वाटते.

आता त्या लाल शेऱ्याकडे येऊ. मॅडमनी भाषेविषयी एक अक्षर काढलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? व्याकरण ॲपनं सांभाळलं होतं. जे ॲपला देता येत नाही तेच त्यांनी मागितलंय. वर्णन आणि आर्ग्युमेंट यातला फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, तो होताना बघावा लागतो. त्यासाठी तुला एक जुना सेमिनार पेपर सुचवते.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये, २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. महाराष्ट्र शासनानं १९७९ मध्ये काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो अगदी सुरुवातीला आहे. मराठीत तू तो वाचला असशीलच. आता इंग्रजीत वाच, आणि या खेपेला जातीविषयी काय म्हटलंय ते थोडं बाजूला ठेवून एका विद्यार्थ्यानं लिहिलेला पेपर म्हणून वाच.

सुरुवातीच्या पानांतच ते जातीच्या चार व्याख्या एकाखाली एक मांडतात: फ्रेंच विद्वान सेनार यांची, नेसफिल्ड यांची, १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख असलेले सर हर्बर्ट रिस्ले यांची आणि आपल्या ज्ञानकोशकार केतकरांची. आपल्याकडचा विद्यार्थी बहुधा इथेच थांबतो. चार विद्वानांची चार मतं उतरवली, मध्ये 'तसेच' आणि 'याशिवाय' घातलं, शेवटी 'अशा प्रकारे जातीची संकल्पना व्यापक आहे' लिहून पेन खाली ठेवलं. आंबेडकरांचं काम इथून सुरू होतं. सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. तर विटाळ हा जातीचा गाभा नाही, जातीला धर्माचा रंग आहे तेवढ्यापुरताच तो तिला चिकटलेला आहे, असं ते दाखवतात. नेसफिल्डनी जातीबाहेर रोटीव्यवहार नसणं हे लक्षण मानलं. त्यावर मुद्दा नवा आहे पण कार्यालाच कारण समजण्याची गफलत झाली आहे, असा निकाल देतात. रिस्लेंची एवढी मोठी सरकारी ख्याती, पण त्यांच्यात वेगळं लक्ष द्यावं असं काही नाही, म्हणून एका वाक्यात पुढे जातात. (हे वाक्य वाचताना मला अजून हसू येतं. पंचविशीतला विद्यार्थी आणि समोर ब्रिटिश साम्राज्याचा जनगणना अधिकारी!) केतकरांना मात्र आधी मोकळी दाद देतात आणि मग अदबीनं चिमटा काढतात. जन्मानेच मिळणारं सदस्यत्व आणि जातीबाहेर लग्नाला बंदी ही केतकरांनी दोन लक्षणं मानली. 'आय सबमिट' अशी नम्र सुरुवात करून आंबेडकर म्हणतात, ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, कारण बाहेर लग्न बंद केलं की सदस्यत्व आपोआप आत जन्मलेल्यांपुरतंच उरतं. चौघांना असं एकेक करून बाजूला सारल्यावर जे शिल्लक राहतं, ती जातीअंतर्गत विवाहाची सक्ती, हाच त्यांचा मुद्दा. सती, वैधव्याची सक्ती आणि बालविवाह यांचा अर्थ ते पुढे त्याच एका धाग्यावर लावत जातात.

या निबंधाच्या पहिल्या तीन-चार पानांची झेरॉक्स काढ आणि पेन्सिल घेऊन बस. प्रत्येक वाक्याच्या समासात लिही, हे वाक्य कोणाचं: दुसऱ्याचं, आंबेडकरांचं, की दुसऱ्याकडून आपल्याकडे येतानाचा सांधा? मग तुझा पेपर काढ आणि त्यालाही असंच कर. बहुधा पानंच्या पानं 'दुसऱ्याचं' निघेल आणि 'माझं' फक्त आभारात. मॅडमना तेच खटकलंय. एक सावधगिरी मात्र बाळग. मुद्दा कसा पुढे न्यायचा हे आंबेडकरांकडून शीक, पण वाक्यांचा घाट उचलू नकोस. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे. वाक्यं आजच्या लेखांतून शिकायची.

तुझ्या विषयावर हे कसं उतरेल ते पाहू. तू लिहिलं असशील: कामगार दरवर्षी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो, ती तोडीच्या पैशांतून वळती होते, फिटली नाही तर पुढच्या हंगामावर जाते. सगळं खरं, आणि पुण्यात बसून लिहिणाऱ्या कितीजणांना इतकं नेमकं माहीत असतं! पण ही माहिती झाली. आता वाचणारा विचारतो, 'बरं, मग?' त्या 'मग'चं उत्तर म्हणजे आर्ग्युमेंट. समजा तू म्हणालीस की उचल दिसते आगाऊ मजुरीसारखी, पण तिचं खरं काम कामगाराला पुढच्या हंगामासाठी त्याच मुकादमाशी बांधून ठेवणं हे आहे. आता हा दावा झाला. त्याला कोणी हरकत घेऊ शकतो: कामगार स्वतःच उचल मागतात, जास्त उचल देणाऱ्या मुकादमाकडे जातात, मग बांधलेले कसे? ज्या वाक्याला कोणी हरकत घेऊच शकत नाही, ते वाक्य आर्ग्युमेंट नव्हे. 'ऊसतोड कामगारांचे जीवन अत्यंत हालाखीचे आहे' याला कोण नाही म्हणणार?

इंग्रजीत ते साधारण असं येईल: 'द उचल फंक्शन्स लेस ॲज अ वेज दॅन ॲज अ मीन्स ऑफ टायिंग द वर्कर टू द मुकादम.' यात अवघड शब्द एकही नाही. 'लेस ॲज... दॅन ॲज' ही जोडी सगळं ओझं उचलते. आणि 'उचल', 'मुकादम', 'कोयता' हे शब्द तसेच ठेव. पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांग आणि मग बिनधास्त वापर. समाजशास्त्रात ही रीतच आहे. ॲपनं तुझ्या कोयत्याचं काय केलं असेल याची मला थोडी कल्पना आहे.

दाव्याच्या आधी इतरांचं म्हणणं यायला हवं. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. त्यात खानदेशातून गेलेले मजूर मोठ्या संख्येनं होते. १९७८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यावर त्यांचा लेख आला. तुमच्या ग्रंथालयात तो मिळायला हरकत नाही. तो वाच आणि स्वतःला विचार: बारडोलीबद्दल जे म्हटलंय ते बीडला कुठे लागू पडतं आणि कुठे पडत नाही? 'कुठे पडत नाही' याचं उत्तर तुझ्या आईला ठाऊक असेल. तिथून तुझं पान सुरू होतं.

आता वाचनाचं. पानाला ४५ मिनिटं लागतात याचं मुख्य कारण तुझा शब्दसंग्रह कमी आहे हे नव्हे. अभ्यासाच्या इंग्रजीत क्रियापदांची नामं करून त्यांचं गाठोडं बांधतात आणि ते आपल्यासमोर टाकतात. मराठीत आपण कृती सांगतो: माणसं गेली, बायकांवर काम पडलं. तेच लेखात असं येतं: 'द इन्क्रीझिंग फेमिनायझेशन ऑफ ॲग्रिकल्चरल लेबर हॅज बीन ॲट्रिब्यूटेड टू मेल आउट-मायग्रेशन.' डिक्शनरीत सगळे शब्द सापडले तरी वाक्य हाताला लागत नाही, कारण शब्द अडलेलेच नसतात, गाठ अडलेली असते. अशा वेळी आधी मुख्य क्रियापद शोध. इथे ते 'हॅज बीन ॲट्रिब्यूटेड'. त्याच्या डावीकडे सगळं एक गाठोडं, उजवीकडे दुसरं. दोन्ही सोड आणि मराठीत म्हण: गावातले पुरुष कामाला बाहेर जातात म्हणून शेतमजुरीत बायकांचं प्रमाण वाढत चाललंय, असं म्हटलं गेलंय. आता 'असं म्हटलं गेलंय' याच्याकडे बघ. लेखकानं ते स्वतःच्या अंगावर घेतलेलं नाही. म्हणजे पुढच्या वाक्याला 'हाउएव्हर' यायची दाट शक्यता. अशी रोज दोन-तीन वाक्यं सोडव, जास्त नकोत. महिन्याभरात तुझा डोळा आपोआप क्रियापदावर जायला लागेल.

लिहिताना हेच उलटं करायचं, पण जपून. प्रत्येक क्रियापदाचं नाम करत सुटलीस तर सरकारी परिपत्रक तयार होईल. एखादी गोष्ट आधी पूर्ण वाक्यात सांगायची आणि पुढच्या वाक्यात तिचंच नाम करून तिच्याबद्दल बोलायचं. 'कामगार उचलीवर अवलंबून असतात' हे सांगून झाल्यावर पुढचं वाक्य 'धिस डिपेन्डन्स' असं सुरू होऊ शकतं. दोन वाक्यं अशी एकमेकांना धरून चालली की परिच्छेद वाटतो, एरवी नुसती ओळीत उभी केलेली वाक्यं वाटतात.

दर ओळीला मोबाइल ही सवय मात्र मोडच. पहिल्या वाचनात मोबाइल दुसऱ्या खोलीत. लेखाचा गोषवारा, प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य आणि समारोप एवढंच वाचायचं आणि लेखक काय म्हणतोय ते मराठीत दोन ओळींत लिहायचं. मग सगळा लेख वाचायचा. प्राध्यापकही बहुतेक असंच वाचतात, फक्त सांगत नाहीत. शब्द बघायचा तो दुसऱ्या वाचनात, आणि तोही पुन्हा पुन्हा येणारा किंवा ज्याच्यावाचून वाक्य अडतं असाच.

शब्दांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या बाबतीत आपल्याकडे मुलांची फार दिशाभूल होते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतून 'अवघड शब्द' पाठ करणारी मुलं मी बघते आणि हळहळते. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांचा विद्यापीठीय मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुळांची (एका शब्दापासून झालेली सगळी रूपं मिळून एक कूळ) एक यादी केली. अभ्यासाच्या कोणत्याही मजकुरातले साधारण १० टक्के शब्द या यादीतले असतात. त्यात चमकदार असं काही नाही. 'ॲझ्यूम', 'डिराइव्ह', 'इम्प्लाय', 'कॉन्टेक्स्ट', 'सिग्निफिकंट', 'कन्स्ट्रेंट' असले शब्द आहेत. ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. इंटरनेटवर ती फुकट मिळते. यादीच्या आधी जे दोनेक हजार रोजचे शब्द येतात असं त्यांनी धरलं, ते मायकेल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीतले. हे वेस्ट इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिकवत होते, आणि बंगालच्या मुलांना बोलण्याआधी वाचण्याचं इंग्रजी द्या, असं म्हणत होते. स्पोकनवाल्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला ते आठवतात.

यादी पाठ मात्र करू नकोस. एकच विषय धरून वाच. दोन महिने फक्त हंगामी स्थलांतर आणि शेतमजुरी, दुसरं काही नाही. पहिला लेख जीव खाईल, दुसऱ्यात निम्मे शब्द ओळखीचे निघतील, चौथ्या-पाचव्यापर्यंत तू लेखकाच्या पुढे धावायला लागशील, कारण तेच शब्द, तीच नावं, तेच वाद फिरून येतात. आज स्थलांतर, उद्या उत्तर-आधुनिकता, परवा वृत्तपत्राचा अग्रलेख असं चरत राहिलं तर दरवेळी नव्यानं सुरुवात करावी लागते.

कल्पनाच कळत नसेल तर आधी ती मराठीत वाच. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. काहीजणांना यात कमीपणा वाटतो. मला तो वेळ वाचवण्याचा उत्तम मार्ग वाटतो.

डिक्शनरी एकच घे, इंग्रजी-इंग्रजी, पण शिकणाऱ्यांसाठी केलेली. आप्पा बळवंत चौकात जुनी प्रत स्वस्तात मिळेल. ऑक्सफर्डची जी 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून ओळखली जाते, तिचा पहिला अवतार १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला. ए. एस. हॉर्नबी तिथे जपानी विद्यार्थ्यांना शिकवत होते आणि परक्या माणसाचं इंग्रजी नेमकं कुठे अडतं ते त्यांना माहीत होतं. म्हणून ती अर्थापाशी थांबत नाही. 'रिसर्च'चं अनेकवचन होत नाही, 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही, 'एम्फसिस'नंतर 'ऑन' येतो, हे तिच्यात सापडतं. मराठी माध्यमाच्या मुलांचं एम.ए.ला जे चुकतं ते बरंचसं इथेच: 'रिसर्चेस', 'इन्फर्मेशन्स', 'डिस्कस्ड अबाउट'. 'द' आणि 'अ'ची काळजी आत्ता करू नकोस. मराठीत त्यांना जोड नाही, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी बसतात आणि त्यांच्यावाचून अर्थ सहसा बिघडत नाही. शेवटच्या वाचनात फक्त तेवढ्यासाठी एक फेरी मार.

दुसरी खोड भाषेपेक्षा मनाची आहे. आपण फार ठाम लिहितो. 'ऑल', 'ऑलवेज', 'धिस प्रूव्ह्ज दॅट'. गावातल्या दहा-बारा बायकांशी बोलून काही 'प्रूव्ह' होत नाही. 'सजेस्ट' होतं, 'इंडिकेट' होतं. 'मे', 'टेंड टू', 'इन दीज केसेस' हे शब्द भित्रेपणाचे नाहीत. आपला दावा आपल्या पुराव्याएवढाच आहे, हे ते सांगतात. आणि 'सिन्स टाइम इमेमोरियल'नं सुरू होणारी प्रस्तावना आधी खोडून टाक. ती प्रत्येक गाइडमध्ये असते आणि प्रत्येक परीक्षकाला तोंडपाठ असते. मँचेस्टर विद्यापीठाची 'ॲकॅडेमिक फ्रेझबँक' इंटरनेटवर मोफत आहे. दुसऱ्याचं मत कसं मांडायचं, त्याला विरोध कसा करायचा, आपली मर्यादा कशी सांगायची, याची तयार वाक्यं तिथे कामांप्रमाणे लावून ठेवली आहेत. ती घेतल्यानं कोणी चोर म्हणत नाही. शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, प्रबंधही बघ, पण विषयाचे संदर्भ शोधायला. तिथलं इंग्रजी डोळे झाकून उचलण्यासारखं असतंच असं नाही, एवढंच म्हणते.

मराठीत विचार करण्यात, टिपणं काढण्यात, आराखडा मराठीत करण्यात काहीही गैर नाही. पूर्ण पेपर ॲपच्या हवाली करण्याला मात्र माझा विरोध आहे, आणि तो नीतीपेक्षा व्यवहाराचा आहे. मराठीत आपण दोन वाक्यं शेजारी ठेवून देतो, नातं वाचणारा समजून घेतो. इंग्रजीत लिहिताना तुला ठरवावं लागतं: इथे 'बिकॉज' की 'ऑलदो'? 'अँड' की 'व्हेअरॲज'? ते ठरवता ठरवता आर्ग्युमेंट घडतं. ॲप ते तुझ्या वतीनं ठरवून टाकतं, आणि उद्या तोंडी परीक्षेत कोणी विचारलं की हे 'देअरफोर' कुठून आलं, तर तू गप्प. पीएच.डी.ला जाणार म्हणतेस, तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यू.जी.सी.) वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियमही आत्ताच वाचून ठेव. प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० ला सुधारलेला प्रबंध द्यायलाच वर्षभर बंदी आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. ॲप वापरायचंच तर उलट्या बाजूनं वापर. परिच्छेद स्वतः लिही, वेडावाकडा का असेना, आणि मग विचार की यातलं कोणतं वाक्य समजत नाही आणि का. दुरुस्ती स्वतः कर.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मुभा असेल तर परीक्षा खुशाल मराठीत दे. तीन तासांत कळलेलं दाखवायचं असतं, तिथे भाषेशी झुंजण्यात गुण घालवू नकोस. टर्म पेपर, सेमिनार, पुढे प्रबंधिका मात्र इंग्रजीत कर, कारण तिथे वेळ हाताशी असतो आणि सुधारायला वाव असतो. पीएच.डी.च्या वाटेवर वाचन इंग्रजीच असणार, ते चुकत नाही.

सेमिनारमध्ये सुरुवातीला उत्तर द्यायला जाऊ नकोस, प्रश्न विचार. एकच, आदल्या रात्री लिहून ठेवलेला, आणि शक्यतो पहिल्या काही मिनिटांतच. जितका उशीर तितकी छाती धडधडते. उच्चार मराठी वळणाचे असले तर असू देत. फक्त आघात सांभाळ: 'इकॉनॉमी'त जोर 'कॉ'वर, 'इकॉनॉमिक'मध्ये 'नॉ'वर. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनानं बोलतो आणि ऐकणाऱ्याला शब्द लागत नाही. रूममेटकडून हे शिकून घे, ती आनंदानं शिकवेल.

आणि मॅडमना जाऊन भेट. १२ पानं घेऊन जाऊ नकोस. उचलीवरचा एकच परिच्छेद नव्यानं लिही, स्वतःच्या इंग्रजीत, ॲपशिवाय. पहिल्या वाक्यात दावा, मग ब्रेमन काय म्हणतात, मग तुझ्या गावचं काय दिसतं, मग कोणी काय हरकत घेईल. वर कोपऱ्यात पेन्सिलीनं प्रश्न लिही: 'हा दावा आहे का, आणि तो सिद्ध करायला मी आणखी काय वाचू?' 'माझं इंग्रजी कच्चं आहे' इथून बोलणं सुरू करू नकोस, नाहीतर सगळा वेळ त्यावर धीर देण्यातच जाईल. प्रश्न मराठीत विचारलास तरी चालेल.